काचेखालची कादंबरी

१४ जानेवारी

ताई,

तुझं पुस्तक बघून आलो. 'वाचून आलो' म्हणणार होतो, पण वाचू देतंय कोण! एवढं मोठं पांढरं दालन, मधोमध एक टेबल, टेबलावर काचेची पेटी आणि पेटीत तुझी कादंबरी उताणी पडलेली. लिहिलेलं एकच पान उघडं, डावी बाजू कोरी. शेजारी पाटी: 'एकमेव प्रत. रोज सकाळी एक पान उलटलं जाईल. प्रदर्शन चौसष्ट दिवस. उलटलेलं पान पुन्हा दाखवलं जाणार नाही. फोटो काढू नयेत.' मी तिसऱ्या दिवशी गेलो, म्हणजे पहिली दोन गेली ती गेलीच.

तिथे हातमोजे घालून एक बाई बसतात. त्यांना म्हटलं, "जरा मागचं दाखवता का हो, लिहिणारी माझी सख्खी बहीण आहे." त्या म्हणाल्या, "इथे येणारा प्रत्येक जण कुणाचा तरी सख्खा असतो. काचेवर हात ठेवू नका."

मग आलिया भोगासी म्हणत वाकून तेवढं एक पान वाचलं. आपलं स्वयंपाकघर आहे ते. खिडकीखालचं फुटकं कपाटसुद्धा आहे. आईला तू नुसतं 'ती' म्हटलंयस आणि मला 'भाऊ'. म्हणजे आपलीच गोष्ट. तीस वर्षं चित्रं काढलीस, एकात आपलं घर आलं नाही, आणि आता छप्पन्नाव्या वर्षी अख्खी कादंबरी?

आडून विचारत नाही, सरळच विचारतो. त्या दिवसाचं लिहिलंयस का? आई घराबाहेर पडली त्या दिवसाचं? कडीचं?

फोन करणार होतो, पण फोनवर आपण दोघं हवापाणी बोलतो आणि ठेवतो. म्हणून हे पत्र. तुझा खुबा कसा आहे?

तुझा भाऊ


२० जानेवारी

ठोंब्या,

पाटी वाचलीस आणि तरीही 'मागचं दाखवा' म्हणालास! सुधारणार नाहीस तू.

खुबा आहे तिथेच आहे. डॉक्टर म्हणतात अजून चार महिने प्रवास नाही, म्हणून माझंच प्रदर्शन मला बघता येत नाही. पडल्यापासून उभं राहता येत नाही आणि उभं राहता आलं नाही की मोठं चित्र संपलं. मग बसून काढता येईल असं चित्र शोधलं, ते हे. इथे शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका विचारतात, चित्रं काढायची सोडून कादंबरी कशी काय लिहिलीत? मी सांगते, लिहिली नाही, काढली. बारीक कुंचल्याने, एकेक शब्द. चुकलं तर खोडायचं नाही. कॅनव्हासवर करतो तसा वरून पांढऱ्याचा हात मारायचा, वाळू द्यायचं आणि त्यावर पुन्हा लिहायचं. म्हणून काही पानं पुठ्ठ्यासारखी जाड झालीत. ही छापायची नाही. छापली की नुसती गोष्ट उरेल, आणि गोष्टी सांगणारे माझ्यापेक्षा बरे शंभर मिळतील.

रोज एकच पान का, तर घरातलं माणूससुद्धा आपल्याला तेवढंच दिसतं. ज्या दिवशी गेलो त्या दिवसापुरतं.

तुझ्या सरळ प्रश्नाला सरळ उत्तर: हो, लिहिलंय. एकेचाळीसावं पान. २१ फेब्रुवारीला उघडेल. बाकीची चुकली तर चुकू देत, त्या दिवशी मात्र ये. आभाळ कोसळलं तरी ये. आणि त्यात काय आहे ते पत्रातून विचारू नकोस. पत्रात सांगता आलं असतं तर वर्षभर पाठ मोडून हे कशाला केलं असतं?

ताई


३ फेब्रुवारी

ताई,

रोज जातो. दुपारच्या सुट्टीत प्रयोगशाळेत कवळ्यांचे साचे भट्टीत ठेवायचे, हात धुवायचे आणि धावत जायचं. नखांत प्लास्टर असतंच. हातमोजेवाल्या बाई आधी माझ्या बोटांकडे बघतात आणि मग म्हणतात, "आले आमचे वाचक." परवा त्यांनी मला स्वतःचं स्टूल दिलं. वाकून वाकून माझी कंबर धरली होती, त्यांना दया आली असावी.

वाचक एकटा मीच आहे, बरं का. बघणारे खूप येतात. दोन पावलं मागे सरतात, मान तिरकी करतात आणि जातात. काल एक दाढीवाले गृहस्थ म्हणाले, "काय वजन आहे या अक्षरांना!" मी म्हटलं, "साहेब, तिथे लिहिलंय की म्हातारी तीन दिवस जेवली नाही." ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी अचकट बोललो.

काही गोष्टी चुकवल्यास. आईच्या खोलीतला पडदा हिरवा नव्हता, निळा होता. ती तुला 'बाई, तुम्ही कोण?' असं विचारायची, पण मला कधी विचारलं नाही. मला ती तिचा भाऊ समजायची. आणि तिच्या हातांचं वर्णन इतकं हुबेहूब केलंयस की मला त्या स्टुलावरून उठता येईना. बाईंनी पाणी आणून दिलं.

पण ताई, पान पुढे सरकतंय तसं माझं जेवण कमी होतंय. आज तेविसावं होतं. त्यात दाराला बाहेरून कडी बसवायचं ठरतं, बाबा सुतार बोलावतात. आता पुढचं मला पाठ आहे. त्या दुपारी घरी थांबायची पाळी माझी होती. एका दवाखान्यात कवळी पोचवायची होती म्हणून आईला आत ठेवून, बाहेरून कडी लावून मी पंधरा मिनिटं गेलो. आलो तर दार सताड उघडं आणि आई नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कालव्याजवळ सापडली, थंडीने गारठून जीव गेलेला.

मी कडी लावली होती असं मला आठवायचं, ताई. कडीचा थंडगार लोखंडी खिळा बोटाला लागलेला आठवायचा. पण सगळ्यांनी इतक्यांदा विचारलं की हळूहळू ते आठवणंच मला खोटं वाटायला लागलं. बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. नऊ वर्षांत माझ्याशी नऊ वाक्यं बोलले नसतील. दवाखान्यात शेवटी मी पाणी पुढे केलं तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. हे तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस.

हे सगळं घरातल्या घरात होतं तोवर ठीक होतं. आता ते काचेखाली जाणार. एवढंच सांग, मला त्यात फार वाईट नाही ना केलंस?

तुझा भाऊ


१० फेब्रुवारी

ठोंब्या,

पडदा निळा होता, मान्य. पण निळा त्या पानावर नीट बसेना, म्हणून हिरवा केला. हिरव्याशेजारी आईचा चेहरा जास्त थकलेला दिसतो.

तू रोज जातोस हे वाचून मी उशीत तोंड खुपसून रडले. मला वाटलं होतं तू एकदा येशील, नाक मुरडशील आणि मोकळा होशील. माझ्या एकाही प्रदर्शनाला तू पाच मिनिटांच्या वर थांबला नाहीस. मला काय ठाऊक, तुला चित्र आवडायला त्यात वाक्यं असावी लागतात!

वाईट केलंय का विचारतोस. नाही रे. तुला वाईट केलेलं नाही. एकेचाळीसाव्या पानाला मला सहा महिने लागले, बाकीच्या त्रेसष्टांना मिळून सहा. एवढ्यावरून समज. आता तू धीर धर, मीही धरते. २१ला ये, वाच आणि दुसऱ्याच दिवशी लिही. चार ओळी लिही, शिव्या लिही, काहीही लिही. पोस्टमन आमच्याकडे अकराला येतो आणि मी दहापासून खिडकीशी असते.

बाबांचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा जमलं नाही.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

काल जाऊन आलो. वाचलं.

जे लिहिलंयस ते खरंच आहे. लिहिलंस ते बरं केलंस. माझी काही तक्रार नाही, मनात काहीही ठेवलेलं नाही, तूही ठेवू नकोस. झालं गेलं गंगेला मिळालं. आता या विषयावर आपण पुन्हा बोलायला नको असं मला वाटतं. दालनात गर्दी होती, फार वेळ थांबता आलं नाही.

इकडे कामाचा ढीग आहे. गोळ्या वेळेवर घे.

तुझा भाऊ


२८ फेब्रुवारी

माझ्या सोन्या,

आज ठोंब्या म्हणवत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी स्वतः उघडलं नाही. शेजारणीला म्हटलं, तुम्ही उघडा आणि आधी फक्त वरवर नजर टाकून सांगा चांगलं आहे की वाईट. त्या म्हणाल्या, "अहो, पाच-सहा ओळींचं तर आहे." मग मी वाचलं. 'मनात काहीही ठेवलेलं नाही.' बावीस वर्षं मी जे उराशी घेऊन फिरले ते तू एका ओळीत उतरवून ठेवलंस. कुणाचं काळीज एवढं मोठं असतं रे?

तू म्हणालास पुन्हा बोलायला नको. एकदाच बोलते, मग कायमची गप्प बसते. पानावर जे लिहिलं ते तोंडाने तुला म्हणायलाच हवं. कडी तू लावली होतीस. तुझं आठवणं खरं होतं. त्या दुपारी तू गेल्यावर मी घरी आले, माझी चित्रांची मोठी पिशवी न्यायला. दाराची बाहेरची कडी काढून आत गेले, पिशवी घेतली, आईशी दोन शब्द बोलले आणि निघताना कडी लावायची विसरले. भावाने लावलेली कडी बहिणीने काढली. पानावर हेच आहे, एवढंच आहे.

संध्याकाळी सगळे तुला विचारत होते तेव्हा मी सांगणार होते. मग म्हटलं, आई सापडली की सांगेन. आई तशी सापडली. मग म्हटलं, बाबा जरा सावरले की सांगेन. मग म्हटलं, तुझं लग्न ठरतंय, आता कशाला. दर वेळी पुढची तारीख. शेवटी बाबाच गेले, आणि सांगायला तू एकटा उरलास. तुला सांगायची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

काल किती तरी वर्षांनी मी दुपारी झोपले. सलग तीन तास. शेजारीण श्वास बघायला आली होती म्हणे.

तुझी ताई


५ मार्च

ताई,

मी गेलोच नव्हतो.

२१ तारखेला मी दालनाच्या पायऱ्या चढलो, दाराच्या काचेतून आतलं टेबल बघितलं आणि मागे फिरलो. प्रयोगशाळेत येऊन एका म्हाताऱ्या गृहस्थांची खालची कवळी घासत बसलो. इतकी घासली की ती बोटांत चिरली. दुसऱ्या दिवशी तुला लिहिलं की वाचलं. ते पत्र खोटं आहे. त्यातली माफी खोटी आहे. मी काय माफ करतोय हे मला ठाऊकच नव्हतं, ताई! मला वाटलं तू मला गुन्हेगार केलं असशील, आणि मी मोठ्या मनाने ते सोसतोय.

का गेलो नाही, तेही ऐक. मी पंधरा मिनिटांसाठी गेलो नव्हतो. तासाहून जास्त वेळ मी त्या दवाखान्यात होतो. तिथे पेशंटना वेळ लिहून देणारी एक मुलगी होती, तिच्याशी चहा पीत बसलो होतो. तीच पुढे माझी बायको झाली. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुला कुठून तरी कळलं असेल आणि तू ते पानावर मांडलं असशील, या भीतीने माझी पावलं अडली. तिच्याकडे बघितलं की मला तो तास दिसायचा. चार वर्षं तिने सहन केलं आणि गेली. बरोबरच केलं तिने.

तुझं पत्र वाचल्यावर मी धावत दालनात गेलो. हातमोजेवाल्या बाईंना म्हटलं, एकेचाळीसावं पान दाखवा. नियम म्हणजे नियम, त्या नाही म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून त्यांनीच सांगितलं, त्या दिवशी चाळीसएक माणसं आली. एका जोडप्याला पांढऱ्याचे थर फार आवडले. एक मिनिटाच्या वर कुणी थांबलं नाही. आणि म्हणाल्या, "तुमची वाट बघितली हो दिवसभर. स्टूल मांडून ठेवलं होतं." झालं तुझं सांगून, ताई. चौसष्ट पानं, एक वाचक, आणि तोही नेमका गैरहजर.

भित्रा मी आहेच. पण तू? मी कडी लावली होती! बावीस वर्षं मी कुठूनही निघालो की तीनदा कडी ओढून बघतो. शेजाऱ्यांची पोरं माझी नक्कल करतात. बाबांनी मरताना माझ्याकडे पाठ केली तेव्हा तू पलंगाच्या पायथ्याशी उभी होतीस, दोन पावलांवर. तेव्हा बोलायला काय झालं होतं? एक वाक्य. बाबा माझ्या हातचं पाणी प्यायले असते. आणि 'कडी लावली होतीस ना रे?' हे मला सगळ्यात पहिल्यांदा कुणी विचारलं होतं, आठवतंय? तू. माझा दंड धरून.

आता इतक्या वर्षांनी कबूल करतेस, तेही हिरव्या पडद्यासकट, काचेत ठेवून, मी येईन त्या दिवशी आणि मी बघेन तेवढंच. ही कसली कबुली? हे तर तुझं आणखी एक चित्र झालं. मी पुढची पानं वाचायला जाणार नाही.

२२ तारखेची माफी मी परत घेतो. नवी देता येईल की नाही, मला माहीत नाही. पण एक मागतो. तो दिवस मला सांग. पानावर बसतो तसा नको, झाला तसा. 'आईशी दोन शब्द बोलले' म्हणतेस. कोणते दोन शब्द? माझी आई शेवटचं काय बोलली, हे बावीस वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही, कारण ते ऐकणारं कुणी होतं हेच मला माहीत नव्हतं.

तुझा भाऊ


११ मार्च

भाऊ,

पत्र चार दिवस उशाशी ठेवलं. तीन वेळा उत्तर लिहिलं आणि तिन्ही फाडली, कारण तिन्ही चांगली झाली होती.

तू मागितलंस म्हणून सांगते. हे त्या पुस्तकात नाही. आधी होतं, मग मीच त्याच्यावर पांढरं मारत गेले, आणि शेवटी 'विसरले' हा शब्द वर ठेवला. सहा महिने त्यातच गेले.

मी कडी विसरले नव्हते.

मी आत आले तेव्हा आई दारामागेच उभी होती. चपला घातलेल्या, हातात रिकामी पिशवी. मला म्हणाली, "बाई, बरं झालं आलात. मला घरी जायचंय, मला कुणी सोडत नाही." मी म्हटलं, आई, हेच घर आहे. ती म्हणाली, "नाही हो, माझी आई वाट बघत असेल." हे ती रोज म्हणायची, तुला माहीत आहे. त्या दिवशी मला घाई होती. आदल्या आठवड्यात रोज रात्री तिच्यापाशी मी जागले होते, आणि माझी चित्रं बघायला चार वाजता माणसं येणार होती. मी पिशवी घेऊन निघाले तर तिने माझा पदर धरला. सोडेना. "मला घरी जाऊ द्या हो बाई." पाच वेळा, सहा वेळा. मी पदर हिसकून घेतला आणि दार उघडं धरून म्हणाले, "जा मग. जा एकदाची."

कोणते दोन शब्द विचारलंस ना. हेच.

तिने हात जोडले. म्हणाली, "फार उपकार झाले, बाई." आणि माझ्या आधी जिना उतरली, नीट, कठड्याला धरून. मी तिला कोपऱ्यापर्यंत जाताना बघितलं. वाटलं, फिरेल मागे. मला उशीर होत होता. मी दुसऱ्या बाजूला वळले.

ताई